मंगळाची स्वारी आणि आमचे परीक्षार्थी

लातूर व नांदेड हीं आज परीक्षार्थ्यांचीं नगरें झालीं आहेत. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें येथें खोल्या घेऊन राहतात, आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं बसला आहे. या मुलांच्या हातीं एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स' ही कादंबरी द्यावी, असें कोणी सुचविलें कीं दोन आक्षेप येतात. पालक पुसतात, यानें गुण किती वाढणार? साहित्याचे अभिमानी पुसतात, मंगळावरचे राक्षस ही काय अभ्यासाची वस्तु? आम्हांस हे दोन्ही आक्षेप सारखेच पोकळ वाटतात.

पालकांचा आक्षेप प्रथम घेऊं. ही कथा १८९७ सालीं लंडनच्या एका मासिकांत क्रमशः आली व १८९८ त पुस्तकरूपानें निघाली. तीन पायांचीं यंत्रें व उष्णकिरण घेऊन मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. तोफा हरतात, लंडन ओस पडतें. आणि अखेर ते मरतात ते पृथ्वीवरील सूक्ष्म जंतूंमुळें, कारण त्यांच्या देहांत प्रतिकाराची शक्तीच नसते. वेल्स हा हक्स्लेच्या हाताखालीं जीवशास्त्र शिकलेला होता. आणि योगायोग असा कीं, १८९७ सालींच प्लेगच्या जंतूंनीं मुंबई-पुण्यांत थैमान घातलें होतें. हाफकिन यांनीं आपली लस मुंबईंत प्रथम स्वतःस टोचून घेतली ती त्याच वर्षाच्या जानेवारींत! प्रतिकारशक्तीची व्याख्या ज्यास मुखोद्‌गत आहे, त्यास त्या व्याख्येमागचीं माणसें अशा वाचनानें दिसूं लागतील. उद्यांच्या डॉक्टरास हें निरुपयोगी कसें म्हणावें?

आतां साहित्याच्या अभिमान्यांकडे वळूं. मंगळवासीयांस क्रूर म्हणण्यापूर्वीं युरोपीयांनीं टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचें काय केलें तें आठवा, असें वेल्स पहिल्याच प्रकरणांत बजावतो. जगावर राज्य करणाऱ्या राष्ट्राच्या वाचकास घटकाभर जितांच्या जागीं उभें करणें, हें साहित्याचें कार्य नव्हे तर कोणाचें? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामी राजवटीखालीं होता, आणि नांदेडच्या विद्यापीठास त्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव आहे. जितांचें दुःख येथें परक्या पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तें ओळखावें मात्र लागतें. शिवाय १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत टोपणनांवानें उतरणारे जयंत नारळीकर पुढें २०२१ च्या नाशिक साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हां विज्ञानकथेस साहित्याच्या पंक्तींतून उठविण्याचा अधिकार आतां कोणासच उरला नाहीं.

मात्र अभ्यास म्हणजे गाईडमधील पांच मुद्दे पाठ करणें नव्हे. तसें होणार असेल तर पुस्तक न लावलेलेंच बरें. वेल्स टास्मानियाचे लोक निःशेष झाले असें लिहितो. परंतु त्यांचे वंशज आजही हयात आहेत व आपली ओळख अभिमानानें सांगतात. जितांची कड घेणाऱ्या लेखकाकडूनही जितांस जिवंतपणीं मृत ठरविलें जातें, हें ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलें त्यानें कादंबरी खरोखर वाचली. असा प्रश्न कोणत्याही पर्यायी उत्तरपत्रिकेंत मावत नाहीं. म्हणूनच शिक्षकांनीं आठवड्याचा एक तास परीक्षेच्या तावडींतून सोडवावा आणि पालकांनीं त्याचा हिशेब मागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.