मांडव्याची बातमी बर्मिंगहॅमहून कोण लिहिणार?

पत्रकारितेत एम.ए. करायला मी इंग्लंडला निघाले, तेव्हा जाफराबादच्या बाजारात दादांना जो भेटेल तो एकच विचारायचा, "पेपरात बातम्या लिहायला पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता?" कपाशीच्या भरवशावर शिक्षणकर्जाच्या कागदांवर सह्या केलेल्या बापाला हा प्रश्न लागणारच. पण प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर चारचौघांत द्यायला हवं, कारण मराठवाड्यातली आणखी पोरं-पोरी आता या वाटेला लागली आहेत.

माझ्यापुरतं उत्तर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मिळालं. तिकडचं एम.ए. एका वर्षाचं; उन्हाळ्यात वर्ग संपतात आणि प्रकल्प उरतो. मी प्रकल्पाला ही स्पर्धा घेतली. पत्रकाराचं ओळखपत्र नव्हतं, म्हणून तिकीट काढून प्रेक्षकांत बसले. ६ ऑगस्टला, शनिवारी, अलेक्झांडर स्टेडियमवर तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती. २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. केनियाचे तिघे धावत होते आणि त्यांच्या पाठीला चिकटून आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेवटच्या फेरीत सुवर्णाचा सवाल दोघांतच उरला. अखेरच्या सरळ पट्ट्यात साबळे एकेक पाऊल तोडत अब्राहम किबिवोटला गाठत आला आणि दोघांनी जवळपास एकदमच रेषा ओलांडली. किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२०. पाच शतांश सेकंदांनी सुवर्ण हुकलं, पण राष्ट्रीय विक्रम झाला. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणालाही राष्ट्रकुलचं पदक मिळालं नव्हतं.

शेजारच्या ब्रिटिश बाईंनी विचारलं, हा मुलगा कुठला? मी सांगत सुटले. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले, शाळा सहा किलोमीटर लांब, बारावीनंतर सैन्य, सियाचीनची थंडी. त्या थक्क होऊन ऐकत राहिल्या. माझ्या मनात मात्र दुसरीच माणसं उभी होती. जाफराबाद-टेंभुर्णी रस्त्यावर पहाटे अंधारात भरतीची पोरं पळतात. पायात स्वस्तातले बूट, एकाच्या हातात मोबाईलचं घड्याळ, ट्रक आला की सगळी कडेच्या मुरमात उतरतात. साबळेचं पदक त्यांच्यासाठी निव्वळ अभिमानाचा विषय नाही, ती कामाची माहिती आहे. साबळे सैन्यात क्रॉस कंट्री पळायला लागला २०१५ मध्ये आणि स्टीपलचेसकडे वळला २०१७ मध्ये, म्हणजे वयाची विशी ओलांडल्यावर. भरतीच्या पोराला यातून कळतं की आपली वेळ अजून गेलेली नाही. पाण्यावरची उडी कशी बसवली, आठवड्याला किती पळतो, दुखापतीत काय करतो, हे त्याला विचारायला हवं. 'केनियाची मक्तेदारी मोडली' हे सगळीकडे छापून आलं आणि ते खरंच होतं. पण हे प्रश्न विचारायला, ते ज्याला सुचतील असा माणूस तिथे असावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: वार्ताहर हा आपल्या लोकांचे प्रश्न घेऊन गेलेला माणूस असतो. वृत्तसंस्थेची बातमी निकाल अचूक देते, पण ती साऱ्या जगासाठी लिहिलेली असते. तिचा मराठी अनुवाद कितीही चांगला केला तरी त्यात जाफराबादचा प्रश्न येत नाही, कारण तो विचारलेलाच नसतो. त्याच स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनगटात रौप्य जिंकलं. एकूण २४८ किलो, सुवर्णाला अवघा एक किलो कमी. कोपर दुखावलेलं असतानाही तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. त्याच्या वडिलांची पानटपरी बातम्यांत आली, पण सांगलीच्या व्यायामशाळांत हा खेळ कसा रुजला, हे सांगणारी मराठी माणसं तिथे किती होती?

परदेशातल्या शिक्षणाने मला शिस्त दिली. निकालपत्रक आधी, मत नंतर. प्रत्येक फेरीची वेळ टिपायची. खेळाडू मैदानाबाहेर पडताना पत्रकारांच्या कठड्यासमोरून जातो, त्याला मिक्स्ड झोन म्हणतात. तिथे मिळणाऱ्या मिनिटभरात एकच नेमका प्रश्न कसा विचारायचा, याचा सराव आमच्याकडून करून घेतला. पण बातमी कुणासाठी लिहायची, हे मी घरीच शिकले होते. जत्रेतल्या जंगी कुस्त्यांची बातमी देताना आमचा तालुक्याचा वार्ताहर दोन्ही मल्लांचं नाव, गाव आणि वस्ताद लिहितो. चितपट झालेल्याचं गावही छापून येतं, कारण त्या गावातही पेपर जातो. जाहिरातींच्या टक्केवारीवर घर चालवणारा माणूस ही शिस्त पाळतो, याचा मला अभिमान आहे.

ही दोन्ही शिक्षणं असलेली मराठी मुलं आज परदेशात आहेत. त्यांना कामाला लावणं फार खर्चाचं नाही. वृत्तपत्रांनी अशा विद्यार्थ्याला स्पर्धेच्या वर्षभर आधी नेमणुकीचं पत्र द्यावं. हे पत्र फार मोलाचं असतं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं आणि स्वतंत्र व्यवसायाला मनाई आहे. मुक्त पत्रकारिता त्यातच मोडते. मात्र अभ्यासक्रमाचा भाग असलेलं, गुण मिळणारं प्रशिक्षण चालतं. म्हणजे वृत्तपत्र आणि विद्यापीठ यांचं आधी बोलणं झालं तर वाट निघते. ऑलिंपिकची ओळखपत्रं देशोदेशीच्या ऑलिंपिक संघटनांमार्फत, ठरलेल्या कोट्यातून आणि खूप आधी वाटली जातात. आयत्या वेळी धावपळ करून तिथे काही हाती लागत नाही.

आपल्या विद्यापीठांनीही हालचाल करावी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिंपिकमध्ये आणि जागतिक विद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या फिसूने २०११ च्या शेनझेनमध्ये तरुण पत्रकारांसाठी खास उपक्रम सुरू केले. असे अर्ज निघाले की ते संभाजीनगर, नांदेड, जालन्याच्या पत्रकारिता विभागांच्या फलकावर लागले पाहिजेत आणि इंग्रजीत अर्ज लिहायला मुलांना मदत मिळाली पाहिजे. ज्यांना परदेश परवडत नाही त्यांच्यासाठीही दार उघडं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीतच झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे या भारतीय संघांच्या मराठी कर्णधारांनी दोन्ही करंडक जिंकले. आता २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरली आहे. त्याआधी २०२८ ला लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक आहे.

मल्ल खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. खेळाडूच्या पाठीशी उभं राहणं या मातीला नवं नाही. आता तीच आस्था त्याची गोष्ट सांगणाऱ्याबद्दलही हवी. लॉस एंजेलिसला मराठवाड्याचं कुणी धावेल, तेव्हा कठड्यापाशी त्याला त्याच्या भाषेत प्रश्न विचारणारं माणूस असायलाच हवं. त्याची निवड या वर्षीच्या वर्गांतून करा.