धूर दिसत नाही, म्हणून खिडकी बंद ठेवू नका

चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह गेला, घरोघरी गॅस आला. डोळ्यांची जळजळ थांबली, ही मोठीच सोय झाली. पण धूर दिसत नाही म्हणजे घरातली हवा शुद्ध आहे, असे नव्हे.

सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात, पाइपच्या गॅसमध्ये मिथेन. हे सगळे हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनचे बनलेले. पुरेसा ऑक्सिजन मिळाला की ज्योत निळी जळते. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 43 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 22 लिटर पाण्याइतकी वाफ बाहेर पडते. खिडकी बंद असेल, तर भिंतींना ओल धरायला ती वाफही हातभार लावते.

ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अपुरे राहते. ज्योत पिवळी होते, पातेल्याच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला की वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तोही इशारा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस बेशुद्ध पडतो.

अंधेरीत गावदेवी डोंगरी, मरोळ, साकीनाका इथल्या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोल्या आहेत. पावसात खिडकीवर प्लास्टिक, एरवी डासांसाठी दार बंद. गरम हवा वर चढते आणि वर माळ्यावर मुले अभ्यासाला बसलेली असतात. बंद मोरीत गॅस गिझर लावणे तर त्याहून घातक.

मोरीत कोणी कोसळले की ‘बाहेरची बाधा’ म्हणणारे अजून भेटतात. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकवले. त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा. बोटाचे ऑक्सिमीटर इथे फसवते, त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

माझे म्हणणे एवढेच : खोली दुरुस्त करताना लादी आणि रंगाच्या आधी हवेचा विचार करा. ओट्यावर झरोका किंवा एक्झॉस्ट पंखा हवा, दाराखालून हवा आत यायला फट हवी, माळ्याला जाळी हवी. बर्नर वेळोवेळी साफ करा. गिझर मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. पुनर्वसनाच्या इमारतीचा नकाशा समोर आला, तर सही करण्यापूर्वी स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते ते विचारा.

परळच्या चाळीत एकाच खोलीत स्वयंपाक आणि बाबासाहेबांचा अभ्यास चालत असे. आपल्या मुलांच्या वाट्याला तीच कोंडलेली हवा का यावी? मोकळी हवा ही चैन नाही. ती मागा, आणि आपल्या हातात आहे तेवढी खिडकी आजच उघडा.

जय भीम!