जुना स्नो ब्लोअर घेताय? आधी दोरी ओढून बघा!

तुमच्या घरातलं कुणी मिनियापोलिस, बोस्टन किंवा टोरोंटोच्या बाजूला राहत असेल, तर हिवाळ्यातला व्हिडिओ कॉल कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. मागे पांढरंशुभ्र अंगण आणि पुढे दमलेला चेहरा. आपल्याला इथून ते दृश्य सुंदर वाटतं. तिथे मात्र ऑफिसला निघण्याआधी गाडीपुढचा बर्फ काढायचा असतो आणि घरासमोरचा पदपथही मोकळा करायचा असतो. तो केवळ शिष्टाचार नाही, बऱ्याच शहरांत तसा नियमच आहे. मिनियापोलिसमध्ये बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरमालकाने पदपथ साफ करावा लागतो. बोस्टनमध्ये ही मुदत फक्त ३ तासांची आहे.

फावड्याने हे काम होतं, पण कंबर आणि हृदय दोन्हींची परीक्षा घेतं. म्हणून लोक स्नो ब्लोअर घेतात, म्हणजे बर्फ उचलून बाजूला फेकणारं यंत्र. याची मूळ कल्पना कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्यांचं यंत्र रस्त्यांसाठी होतं, ट्रकवर बसवलेलं. आज त्याची छोटी भावंडं घरोघरी गॅरेजमध्ये उभी असतात.

नवीन घरगुती यंत्राला साधारण ६०० ते १००० डॉलर पडतात. नुकतंच घर घेतलेल्या जोडप्याला हा खर्च जड जातो. जुनं यंत्र मात्र १०० ते ३०० डॉलरमध्ये मिळू शकतं. ते नीट बघून घेतलं तर पुढची अनेक वर्षं साथ देतं, आणि न बघता घेतलं तर गॅरेजमधली अडगळ वाढते. चला तर मग, काय बघायचं ते पाहूया.

सिंगल-स्टेज म्हणजे काय?

या यंत्रात एकच फिरता भाग असतो. त्याला रबराची पाती लावलेली असतात. ती जमिनीला घासत फिरतात, बर्फ आत ओढतात आणि त्याच झटक्यात वरच्या नळीतून बाहेर फेकतात. सगळं काम एकाच टप्प्यात होतं, म्हणून नाव सिंगल-स्टेज. टू-स्टेजमध्ये लोखंडी पाती बर्फ गोळा करतात आणि मागचा वेगळा पंखा तो फेकतो.

सिंगल-स्टेज यंत्र हलकं असतं, कमी जागेत मावतं आणि जमीन अगदी स्वच्छ करतं. १५ ते २० सेंटीमीटरपर्यंतच्या बर्फाला ते पुरतं. पण अंगण खडीचं असेल तर हे घेऊ नका. पाती जमिनीला टेकतात, त्यामुळे बर्फाबरोबर खडेही उडतात आणि समोरच्या काचेवर किंवा माणसावर जाऊन आदळतात. डांबरी किंवा सिमेंटचं अंगण असेल तरच याचा विचार करा.

कधी घ्यायचं?

पहिला बर्फ पडला की सगळे एकदम जागे होतात आणि भाव चढतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये लोकांना गॅरेज रिकामं करायचं असतं, तेव्हा शोधा. दुरुस्तीलाही निवांत वेळ मिळतो.

बघायला गेल्यावर

आपल्याकडे जुनी स्कूटर घेताना मोठी माणसं जे करायची, तेच इथे करायचं.

१. मालकाला आधीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." गेल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघा. ते गरम लागलं, तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असण्याची शक्यता आहे.

२. किल्ली बंद ठेवून दोरी हळूच ओढा. हाताला दाब जाणवला पाहिजे. दोरी अगदी सैल, विनासायास आली तर इंजिनात दाब उरलेला नाही. दोरी हललीच नाही तर इंजिन जाम असू शकतं. दोन्ही वेळेला नमस्कार करून परत या.

३. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलऐवजी जुन्या रंगासारखा, वॉर्निशसारखा वास आला तर पेट्रोल शिळं आहे. हा दोष दुरुस्त होतो, आणि भाव कमी करायला उपयोगीही पडतो.

४. यंत्र सुरू करून हँडलचा दांडा दाबा, पाती फिरतील. दांडा सोडल्यावर काही सेकंदांत ती थांबलीच पाहिजेत. कुणी तो दांडा दोरीने किंवा चिकटपट्टीने कायमचा बांधून ठेवला असेल, तर असं यंत्र घेऊ नका. तो दांडा म्हणजे तुमच्या बोटांचा पहारेकरी आहे.

५. मॉडेल आणि सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो घ्या. त्यावरून सुटे भाग मिळतात का आणि कंपनीने ते मॉडेल सुरक्षेच्या कारणाने परत मागवलं होतं का, हे फोनवरच शोधता येतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

बऱ्याच जुन्या सिंगल-स्टेज यंत्रांत टू-स्ट्रोक इंजिन असतं. ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं नवीन नाही. इथेही तसंच. अनेक मॉडेलमध्ये प्रमाण ५० ला १ असतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. तरीही आपल्या मॉडेलची पुस्तिका बघूनच मिसळा. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन आतून घासून निकामी होतं.

इंजिनाला ऑइल ओतायचं वेगळं झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्यात पेट्रोल आणि ऑइल वेगवेगळं राहतं. विकत घेतल्यावर त्यातलं जुनं ऑइल काढून नवीन भरा.

दुरुस्ती क्रमाने करा

सुरुवातीला स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून हे पहिलं काम. प्रत्येक भाग उघडण्याआधी फोनवर फोटो काढा आणि स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवा.

पेट्रोल : शिळं पेट्रोल पूर्ण काढून टाका. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा शोषून घेतं. टाकीपासूनची रबरी नळी तडकली असेल तर बदला.

प्लग : नवीन प्लग काही डॉलरमध्ये येतो. जुना घासत बसण्यापेक्षा बदललेला बरा.

कार्ब्युरेटर : सुरू न होणाऱ्या यंत्रात दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो आणि आतलं बारीक छिद्र बुजतं. खालची वाटी उघडा, कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा, छिद्रातून आरपार उजेड दिसतो का बघा. जाड तार घुसवून ते भोक मोठं करू नका. तरीही जमलं नाही, तर बऱ्याच मॉडेलसाठी नवीन कार्ब्युरेटर मिळतो.

पट्टा : इंजिन जोरात चालतंय पण बर्फात गेल्यावर पाती मंदावतात? मग पट्टा घसरतोय. बाजूचं झाकण काढून बघा. तो तडकलेला किंवा गुळगुळीत झालेला असेल तर बदला.

रबरी पाती : ही झिजली की जमिनीवर बर्फाचा पातळ थर उरतो आणि फेकही कमी होते. पात्यांच्या मागे जमिनीलगत एक खरवडपट्टी असते. ती दोन्ही एकदमच बदला, म्हणजे काम नव्यासारखं होतं.

आता हिशेब करा. समजा यंत्र १५० डॉलरला मिळालं आणि सुट्या भागांवर १०० डॉलर गेले. एकूण २५०, म्हणजे नवीनच्या निम्म्याहूनही कमी. भागांचा खर्चच यंत्राच्या किमतीच्या वर जात असेल, तर मात्र मोह आवरा.

हे मात्र विसरू नका

अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक या यंत्रामुळे जखमी होऊन रुग्णालयात जातात, आणि अनेकदा कारण एकच असतं : नळीत अडकलेला बर्फ हाताने काढणं. इंजिन बंद करा, किल्ली काढा, पाती पूर्ण थांबू द्या आणि मग काठीनेच बर्फ काढा. इंजिन बंद असलं तरी हात आत घालायचा नाही. अडकलेला भाग मोकळा होताच झटक्याने फिरू शकतो.

बंद गॅरेजमध्ये यंत्र सुरू करू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. दार उघडं असलं तरी यंत्र बाहेर ओढून मगच सुरू करा. लांब मफलर, ओढणी, सुटे केस आत खोचून घ्या. मुलं घरातच बरी. पेट्रोल भरायचं असेल तर इंजिन आधी थंड होऊ द्या.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी. हिवाळ्यात नातवंडांना भेटायला गेलेल्या आजोबांना वाटतं, मुलगा-सून कामावर आहेत, तेवढा बर्फ आपण काढून ठेवू. भावना प्रेमाची आहे. पण कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, त्यात अचानक जोर लावला की हृदयावर मोठा ताण येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन याबद्दल वारंवार सावध करत असते. यंत्राने हा ताण कमी होतो, पण संपत नाही, कारण ओल्या, जड बर्फात तेही ढकलावं लागतं. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फावडंही उचलू नये आणि यंत्रही धरू नये.

हिवाळा संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या डिसेंबरच्या पहाटे दोरी ओढताना त्याचा उपयोग कळतो.

तिकडे तुमचं कुणी यंत्र शोधत असेल तर हा लेख त्यांना पाठवून द्या. आणि आईबाबा या हिवाळ्यात तिकडे जाणार असतील तर निघण्याआधीच ठरवून टाका : बर्फाचं काम मुलांचं, आजोबांनी खिडकीतून फक्त सूचना करायच्या!