राजूरकरांनो, विहिरीचं पाणी आधी मोजून ठेवा

राजूर, भांदेवाडा, वणी आणि आसपासच्या गावांतल्या बंधू-भगिनींनो,

खाण बंद करा असं सांगायला हे लिहीत नाही. इथल्या कितीतरी घरांची चूल खाणीच्या पगारावर पेटली आहे, चुनाभट्टीच्या मजुरीवर पेटली आहे, ते मी विसरलेलो नाही. कोळशाची धूळ बसून काळा पडलेला कापूस बाजारात कमी भावाने विकावा लागतो, तेही विसरलेलो नाही. आज बोलायचं आहे ते कोळशाच्या थरात अडकलेल्या गॅसबद्दल. त्यासाठी जमीन फोडण्याच्या पद्धतीबद्दल, आणि तसं काही सुरू होण्याआधी आपण काय करून ठेवायला हवं त्याबद्दल.

भूमिगत खाणीत उतरलेल्या माणसाला मिथेन काय असतो ते शिकवावं लागत नाही. तोच मिथेन जमिनीवरून खोल विहिरी मारून बाहेर काढला की त्याला कोल बेड मिथेन, म्हणजे सीबीएम, म्हणतात. झारखंडच्या झरिया-बोकारोत, बंगालच्या राणीगंजात, मध्य प्रदेशच्या शहडोलकडे तो निघतो. काढण्याची रीत अशी: कोळशाच्या थरातलं पाणी उपसून दाब कमी करायचा, मग गॅस सुटतो. तो पुरेसा सुटला नाही तर पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने खाली सोडून थराला तडे पाडायचे. याच तडे पाडण्याला फ्रॅकिंग म्हणतात. शेल खडकातल्या गॅससाठी हेच काम फार मोठ्या प्रमाणावर होतं. अमेरिकेत अशा एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं.

आज राजूरमध्ये अशी विहीर नाही. मग घाई कसली, असं कोणी विचारेल. घाई नियमांमुळे आहे.

एप्रिल 2018 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं, की कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांना त्यांच्याकडे कोळशाचा पट्टा असलेल्या भागातला सीबीएम काढायला वेगळ्या परवान्यासाठी अर्ज करायची गरज नाही. आपल्या इथल्या खाणी चालवणारी वेकोलि ही कोल इंडियाचीच उपकंपनी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शेलसारख्या अपारंपरिक गॅससाठीही आधीच्या करारांच्या क्षेत्रांत वाट मोकळी केली गेली. आणि 16 जानेवारी 2020 रोजी पर्यावरण मंत्रालयाने तेल-वायूच्या शोधासाठीच्या विहिरी ‘बी-2’ गटात टाकल्या. या गटातल्या प्रकल्पाला जनसुनावणी लागत नाही, पर्यावरणावरील परिणामांचा सविस्तर अहवालही लागत नाही. प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेळी सुनावणी होते खरी, पण तोवर पहिलं भोक पडून गेलेलं असतं. म्हणजे शोधाची विहीर गावाच्या शिवारात उभी राहीपर्यंत गावाला कोणी विचारायलाच हवं, असं बंधन नाही.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते पाहा. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या खडकांत आहे, आणि त्यांच्यावर कितीतरी ठिकाणी कामठी वालुकाश्म पसरलेला आहे. या भागात भूजल भरपूर देणारा खडक कुठला, तर हाच. गॅसची प्रत्येक विहीर या पाण्याच्या थरातून आरपार खाली जाणार. तिच्या पोलादी नळीभोवतीचं सिमेंट कुठे कच्चं राहिलं, तर गॅस आणि खारं पाणी वर चढायला वाट मिळते. शिवाय या पट्ट्यात जुन्या भूमिगत खाणींच्या पोकळ्या आहेत, सोडून दिलेल्या बोअर आहेत. त्यातल्या सगळ्यांची नोंद गावाकडे नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त भेडसावते. गॅससोबत उपसलेल्या पाण्यात सोडियम जास्त असण्याचा संभव असतो. ते पाणी नाल्याला सोडलं, नाल्यातून निर्गुडा नदीला गेलं आणि तिथून पंपाने शेतात आलं, तर आपल्या काळ्या जमिनीचं काय होईल? काळी माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. तिच्यात सोडियम साठला की ती घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. चोपण जमीन म्हणजे काय ते आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे. एकदा चोपण झालेलं वावर जिप्सम टाकून, वर्षानुवर्षं मेहनत करून परत आणावं लागतं, आणि तरी ते पहिल्यासारखं होईलच याचा भरवसा नसतो.

या गॅसच्या बाजूनेही खरं ते सांगितलं पाहिजे. खाणकामाआधी मिथेन काढून घेतला तर खाली उतरणाऱ्या कामगाराचा जीव अधिक सुरक्षित राहतो, आणि गॅस जाळल्यावर कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. पण न जळता गळणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. विहिरी आणि पाइप गळके असतील तर कोळशापेक्षा मिळणारा फायदा हवेतच संपतो.

फ्रान्सने 2011 मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विहिरीजवळ ऑगस्ट 2019 मध्ये 2.9 तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारने काम थांबवलं. आपल्याला जवळचं उदाहरण तमिळनाडूचं. कावेरीच्या मुखाकडच्या मन्नारगुडी भागात सीबीएमसाठी 2010 साली करार झाला. भात पिकवणारे शेतकरी उठले, गावोगाव सभा झाल्या, 2013 मध्ये राज्य सरकारने काम थांबवलं. फेब्रुवारी 2020 मध्ये तर संरक्षित विशेष कृषी क्षेत्राचा कायदाच झाला. ती माणसं आपल्यासारखीच शेतकरी होती, आणि काम मोठ्या प्रमाणावर सुरू होण्याआधी ती बोलली.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2016 मध्ये मोठा अहवाल दिला. फ्रॅकिंगमुळे काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, हे त्यात मान्य केलं. पण असं किती ठिकाणी झालं ते सांगता आलं नाही, कारण काम सुरू होण्याआधीच्या पाण्याच्या नोंदी पुरेशा नव्हत्या. लोक तक्रार करत होते, पण आधी पाणी कसं होतं याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. आपल्या जिल्ह्यात तर कितीतरी गावांच्या भूजलात मुळातच फ्लोराइड आहे. उद्या पाणी बिघडलं तर ‘तुमचं पाणी आधीपासूनच असं होतं’ हे उत्तर तयार असेल. तो कागद आपण आजच करून ठेवला पाहिजे.

म्हणून विनंती. प्रत्येक विहिरीची आणि बोअरची पातळी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजा. दोरीला गाठ मारून मोजली तरी चालेल, पण तारीख आणि गट नंबर लिहा, फोटो काढा, ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद करून सही घ्या. पाण्याचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत द्या आणि नेहमीच्या तपासणीसोबत सोडियम, क्लोराइड, फ्लोराइड, बेरियम आणि विरघळलेला मिथेन तपासायला सांगा. मिथेनचा नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो, त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसांना गावात बोलवा. खर्चाचा प्रश्न येईल. खाण-खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान खाणबाधित गावांसाठीच आहे, आणि जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. पिण्याचं पाणी हा त्या निधीचा पहिल्या क्रमाचा विषय आहे. मागा.

माहिती अधिकारात अर्ज करून विचारा: आपल्या पट्ट्यात सीबीएमचा किंवा जमिनीखालीच कोळशाचा वायू करण्याचा काही प्रस्ताव, सर्वेक्षण किंवा पत्रव्यवहार आहे का? जमिनीखाली कोळसा पेटवून वायू काढण्याच्या प्रयोगाने ऑस्ट्रेलियात चिंचिला इथली शेतजमीन दूषित केली, आणि क्वीन्सलँड राज्याने 2016 मध्ये ती पद्धत बंद केली. उत्तर काहीही येवो, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

आणि पुढची वीज कुठून येणार, हेही त्याच सभेत बोला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये आहेत, आणि शेतीला दिवसा वीज आहे. खणून झालेल्या जमिनी आणि मातीचे ढिगारे आपल्याकडे पडून आहेत. त्यातल्या बसलेल्या, पक्क्या जमिनीवर सौर पॅनल उभे करा आणि तिथलं काम आयटीआय झालेल्या आपल्या पोरांना द्या, ही मागणी खाण कामगारांच्या संघटनांनीही उचलावी. कोळसा कधीतरी संपणार, आणि त्यांच्या मुलांचं पोट त्यानंतरही भरायचं आहे.

1 मेच्या ग्रामसभेला या. बायकांनी आधी या, कारण पाणी भरतं कोण ते सगळ्यांना माहीत आहे. ठराव एवढाच मांडा: गावाच्या पाण्याची नोंद पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेसमोर सगळी कागदपत्रं ठेवल्याशिवाय राजूरच्या शिवारात गॅसची एकही विहीर नको. आणि येताना आपल्या विहिरीचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून, बाटलीवर गट नंबर लिहून सोबत आणा.