कायद्याची जागा सभागृहातच

अधिवेशन संपले की बिहारच्या संसदीय कामकाज विभागातून सर्व खात्यांच्या सचिवांना एक परिपत्रक जात असे. सत्र संस्थगित झाले आहे, तेव्हा आपल्या खात्याचे अध्यादेश मुदतीआधी पुन्हा काढून घ्या, हा त्याचा मथितार्थ. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी कागदपत्रे खणून हा शिरस्ता उजेडात आणला. 1967 ते 1981 या काळात तिथे 256 अध्यादेश निघाले होते. ऊस खरेदी-पुरवठ्याचा एक अध्यादेश तर जवळपास 14 वर्षे चालवला गेला. शेतकऱ्याच्या उसाचा व्यवहार ज्या नियमांनी बांधला होता, त्यांना एवढी वर्षे विधिमंडळाची मान्यताच नव्हती. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1986 मध्ये घटनापीठाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली आणि वाधवांना खर्चापोटी 10 हजार रुपये देण्याचा आदेश बिहार सरकारला दिला. 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तेच अधिक कठोर शब्दांत बजावले.

ही कथा आज आठवायची, कारण राज्यकारभाराची घडी नेमकी कुठे विस्कटते ते तीत दिसते. कायदा विधिमंडळाने करायचा, सरकारने राबवायचा आणि वाद झाला तर न्यायालयाने निवाडा द्यायचा, अशी ही वाटणी आहे. कलम 213 नुसार अधिवेशन चालू नसताना तातडीची निकड असेल तरच राज्यपाल अध्यादेश काढू शकतात, आणि तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. ही सहा आठवड्यांची मुदत म्हणजे सरकारने सभागृहासमोर उभे राहून उत्तर देण्याची सक्ती आहे.

ही सक्ती सभागृह पुरेसे दिवस चालले तरच खरी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नको, एवढेच घटना सांगते; किती दिवस बसायचे ते सांगत नाही. महाराष्ट्राचेच पाहा. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला दरवर्षी एका अधिवेशनाचा शब्द दिला. 2024 चे नागपूर अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. एवढ्या वेळात पुरवणी मागण्या, विधेयके, लक्षवेधी आणि तारांकित प्रश्न उरकायचे, तर विदर्भातल्या सिंचनाच्या अनुशेषावर आमदाराने बोलायचे कधी?

आणि बोलायचे असलेले आमदार थोडेथोडके नाहीत. घटनेनुसार मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या 288 च्या सभागृहात ही मर्यादा 43 होते. उरलेले किमान 245 आमदार, मग ते कोणत्याही बाकावरचे असोत, सरकारला जाब विचारण्यासाठीच तिथे आहेत. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, या घटनेतील वाक्याला त्यांच्यामुळेच अर्थ येतो.

वेळ दिला तर काय घडते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा नागरिकांच्या आणि संस्थांच्या 12 हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मसुद्याच्या शब्दांत बदल झाला. त्या कायद्याबद्दल मतभेद तीव्र आहेत आणि ते राहतील. पण लोकांचे म्हणणे कायद्याच्या मसुद्यापर्यंत पोहोचण्याची वाट तीच आहे. एरवी गोंधळात, आवाजी मतदानाने, विधेयकामागून विधेयक मंजूर होते आणि त्यातल्या त्रुटी वर्षानुवर्षे न्यायालयात निस्तराव्या लागतात.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. वर्षाच्या आरंभीच अधिवेशनांचे वेळापत्रक आणि किमान दिवस जाहीर करावेत. प्रत्येक अध्यादेशासोबत तातडीचे कारण सभागृहापुढे लेखी ठेवावे. महत्त्वाचे प्रत्येक विधेयक समितीकडे पाठवण्याचा पायंडा पाडावा. यातील एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सरकारची आणि पीठासीन अधिकाऱ्यांची इच्छा पुरेशी आहे.

पुण्याच्या एका प्राध्यापकाला परराज्याच्या कारभारासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, कारण तिथल्या सभागृहाने आपला प्रश्न वेळीच विचारला नाही. महाराष्ट्राच्या मतदारांनी प्रश्न विचारण्याचा अधिकार 288 जणांच्या हाती दिला आहे. तो बजावण्यासाठी त्यांना दिवस मिळालेच पाहिजेत, आणि ते मागून घेणे हे त्यांचे पहिले काम आहे.