विक्रांतच्या भंगाराचा हिशेब

२२ फेब्रुवारी १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगोचे विमानसंग्रहालय एका रात्रीत भस्मसात झाले. १९१५ च्या प्रदर्शनासाठी लाकूड-गिलाव्यात उभारलेल्या तात्पुरत्या इमारतीत चाळीसहून अधिक ऐतिहासिक विमाने ठेवलेली होती. आग कोणी तरी लावली होती हे खरे. परंतु ‘तात्पुरते’ त्रेसष्ट वर्षे चालवून घेणाऱ्यांनी सरपण आधीच रचून ठेवले होते. तरीही नागरिकांनी देणग्या दिल्या आणि १९८० साली ते संग्रहालय नव्या वास्तूत पुन्हा उघडले.

आपल्याकडे आगीचीही गरज पडली नाही. ‘विक्रांत’ ही देशाची पहिली विमानवाहू युद्धनौका. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक व अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथे शत्रूची कोंडी केली. १९९७ साली ती निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. शाळकरी मुले तिच्यावरील विमाने डोळे भरून पाहत. पुढे ती धोकादायक ठरली, राज्य सरकारने खर्च परवडत नसल्याचे सांगून हात वर केले आणि २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१५ मध्ये, त्याच मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून प्राचीन भारतातील विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार घेतला जातो, त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते. न उडालेल्या विमानांचा गौरव आणि उडालेल्या विमानांच्या नौकेचा लिलाव! सत्ताधाऱ्यांच्या राष्ट्राभिमानाचा ताळेबंद याहून स्पष्ट कोणता असणार?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा प्रश्न निधीच्या अभावाचा नाही, निधीच्या क्रमाचा आहे. नव्या बांधकामाला कोनशिला असते, कंत्राट असते, टक्केवारी असते. देखभालीला यांपैकी काहीच नसते. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिच्यावर पडते. ‘विक्रांत’साठी पैसा नाही म्हणणाऱ्याच राज्याने २०१६ साली अरबी समुद्रातील हजारो कोटींच्या स्मारकाचे जलपूजन केले. जुने मोडून नव्याची घोषणा करणे हीच या राज्यकारभाराची रीत आहे.

‘शेतकरी गळफास घेत असताना संग्रहालयांची चिंता कशाला?’ असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर भंडाऱ्यात आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी तेथील जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भके आगीत दगावली. २०१२ साली खुद्द मंत्रालयाचे मजले जळाले आणि माणसे मेली. २०१६ साली दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय खाक झाले. वस्तू वेगळ्या, बेफिकिरी एकच. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे, असे महाराष्ट्राचा २००६ चा कायदा सांगतो. हा कायदा संग्रहालयाला आणि रुग्णालयाला सारखाच लागू आहे. जो एका ठिकाणी त्याची अंमलबजावणी मागेल, तोच दुसऱ्या ठिकाणचे जीव वाचवील.

मराठवाड्यात विमानांचे संग्रहालय नाही. सांभाळण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. शेजारच्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या पुरावस्तूंतून संग्रहालय उभे राहिले. कंधारचा किल्ला आहे, खरोशाची लेणी आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पत्रके व पत्रे घरोघरच्या ट्रंकांत वाळवीची वाट पाहत आहेत. १९८४ साली दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, तेव्हापासून आपण रस्ते व सिंचन यांचा हिशेब मागत आलो. उभारलेले सांभाळण्याचा अनुशेष मात्र आपल्या मागणीपत्रकात क्वचितच येतो.

तो आता आला पाहिजे. नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक शासकीय रुग्णालय, ग्रंथालय, दप्तरखाना व संग्रहालय यांच्याकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शेवटचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र, वस्तूंची व दस्तऐवजांची अद्ययावत नोंदवही आणि देखभालीवरील पाच वर्षांचा खर्च. उत्तर येणार नाही तेथे मोर्चा न्यावा. सार्वजनिक मालमत्ता जनतेची आहे असे आपण म्हणतो. मग तिच्या राखणीचा जाब विचारणे हेही जनतेचेच काम आहे.