डॉ. लागूंचे चार मास्तर

आजचा धागा डॉ. श्रीराम लागूंविषयी आहे. लांब आहे, तेव्हा सवडीने वाचावा. पुढे जे मांडतो आहे ते माझे मत आहे, सर्वमान्य निष्कर्ष नव्हे. मतभेद असतील तर खाली अवश्य लिहावेत.

पदवीच्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन एकपात्री स्पर्धेत वेळ नोंदवण्याचे काम माझ्याकडे होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गणपतराव बेलवलकर सात वेळा रंगमंचावर आले. शाल, काठी, थरथरता हात, आणि प्रत्येकाच्या घशात लागूंचा आवाज. म्हणजे त्या आवाजाची ऐकीव नक्कल. एका थोर नटाला आपण एकाच भूमिकेत कोंडून टाकले आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

‘नटसम्राट’चे मोठेपण मी नाकारत नाही. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी ‘गोवा हिंदू असोसिएशन’ने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. थकलेल्या, घराबाहेर पडलेल्या त्या म्हाताऱ्याची भूमिका करणारा नट तेव्हा अवघा ४३ वर्षांचा होता. नाटकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि नाटकाचे नाव नटालाच बिरुदासारखे चिकटले.

माझा आक्षेप त्या बिरुदाला आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून लागूंची कारकीर्द तपासताना मला बेलवलकरांपेक्षा दुसरीच एक ओळ ठळक दिसते. १९७२ ते १९७५ या मोजक्या वर्षांत या माणसाने चार शिक्षक उभे केले: दोन चित्रपटांत, दोन नाटकांत. ते चारही एकापाठोपाठ पाहिले, तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक मोठी पडझड डोळ्यांसमोर घडताना दिसते.

आधी चरित्र थोडक्यात. जन्म १६ नोव्हेंबर १९२७, सातारा. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यात: भावे स्कूल, फर्ग्युसन, मग बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. नाटकाचे वेड विद्यार्थिदशेपासूनचे. भालबा केळकर आणि इतर मित्रांसह ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’, म्हणजेच पीडीए, उभी करण्यात त्यांचा वाटा होता. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून पुण्यात व्यवसाय, पुढील प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड, काही काळ टांझानियातील टबोरा येथे नोकरी. मायदेशी असतील तेव्हा पुण्यात पीडीए आणि मुंबईत ‘रंगायन’. अखेर १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले. (घशाचा डॉक्टर आवाजाच्या बळावर जगू लागला, हा विनोद त्यांच्याबाबत अपरिहार्य आहे. पुढे त्यांनी ‘वाचिक अभिनय’ या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.)

आता ते चार मास्तर.

पहिला ‘पिंजरा’मधला. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा चित्रपट. गावाला वळण लावणारा कडक, आदर्श शिक्षक तमाशाच्या फडाला गावाबाहेर काढायला निघतो आणि त्याच फडातील नर्तकीत गुंततो. एका खुनानंतर गावाला वाटते की मास्तरच मारले गेले. गाव त्यांचा पुतळा उभारते. मास्तर जिवंत आहेत, पण फडाच्या आश्रयाने, ओळख लपवून. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली त्यांना शिक्षा होते आणि ते तोंड उघडत नाहीत, कारण खरे बोलले तर पुतळा कोसळेल. ‘पिंजरा’ आपण गाण्यांसाठी लक्षात ठेवला. मला त्यातला तो पुतळा अधिक महत्त्वाचा वाटतो. समाजाला हाडामांसाच्या शिक्षकापेक्षा दगडाचा शिक्षक अधिक सोयीचा असतो, ही गोष्ट इतक्या लोकप्रिय चित्रपटात इतक्या उघडपणे क्वचितच सांगितली गेली असेल.

दुसरा त्याच वर्षीचा: कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’मधील प्राध्यापक नानासाहेब भानू. महर्षी कर्वे आणि बाया कर्वे यांच्या जीवनावरून सुचलेले हे नाटक. इथे शिक्षक ढोंगी नाही, दुबळाही नाही. तो खरोखरच हिमालयाएवढा आहे. प्रश्न आहे तो त्याच्या सावलीत वाढणाऱ्या माणसांचा. संस्थेसाठी सर्वस्व देणाऱ्याच्या घरात चूल कशी पेटते, मुले कोणत्या वंचनेत वाढतात, बायको कोणत्या भाषेत भांडते, हे नाटक दाखवते. सुधारकांच्या चरित्रांत हा हिशेब बहुधा तळटीपेत असतो.

तिसऱ्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, १९७४. गोपु हे चीनचे अभ्यासक, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक. नाटकाचा नायक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी हा डाव्या विचारांचा प्राध्यापक आहे आणि विद्यापीठाची चौकशी समिती त्याला प्रश्न विचारते आहे. बस, एवढेच. ना खून, ना गाणे, ना पावसात भिजणारा म्हातारा. एक माणूस खुर्चीवर बसून आपल्या विचारांचा, पक्षाचा आणि मोडलेल्या संसाराचा जबाब देतो. याचे दिग्दर्शन लागूंनी केले आणि प्रमुख भूमिकाही केली. ‘नटसम्राट’च्या यशानंतर कोणत्याही नटाला तसेच आणखी एखादे रडवणारे नाटक सहज मिळाले असते. त्याऐवजी त्यांनी हे कोरडे, बुद्धीला ताण देणारे नाटक हाती घेतले. पुराव्याचा विचार करणाऱ्याने अशा निवडीची नोंद करायला हवी.

चौथा अर्थातच ‘सामना’चा. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या राज्यात एक दारुडा, फाटका, एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला मास्तर येऊन पडतो आणि मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारू लागतो. समोर निळू फुले. दोघांच्या आवाजांची जुगलबंदी पुन्हा एकदा ऐकावी: फुल्यांचा आवाज सत्तेच्या सवयीने सैलावलेला, लागूंचा दारूने घोगरा झालेला, तरी प्रश्नाच्या टोकाशी अचानक धारदार होणारा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. सत्तरीपर्यंत ग्रामीण सत्तेचे केंद्र कारखान्यात सरकलेले होते. या बदलावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. पण त्या काळी गावात एखादा प्रश्न मोठ्याने विचारताना छातीत काय होत असेल, हे मला ‘सामना’इतके कुठे समजले नाही.

या चौघांना एकत्र का ठेवायचे? महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात मास्तर ही निव्वळ नोकरी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, आगरकर, कर्वे, साने गुरुजी: आपल्या सार्वजनिक नीतीचा पाया ज्यांनी घातला त्यांतील कितीतरी जण शिकवणारे होते. गावात पाटलाच्या सत्तेसमोर एक दुसरी, निःशस्त्र सत्ता उभी असे, ती मास्तरांची. सत्तरच्या दशकात ती मोडत गेली. कुठे तिचा पुतळा झाला, कुठे घरच्यांनी तिची किंमत मोजली, कुठे तिला समितीपुढे बसवले गेले, कुठे ती गुत्त्यात जाऊन पडली. योगायोग असेल, पण या चारही अवस्थांना चेहरा मिळाला तो एकाच माणसाचा.

यावर एक आक्षेप मला माझ्याच वर्गात ऐकावा लागला आहे: नट कुठे भूमिका निवडतो? त्याला विचारणा होते, तो करतो. शिवाय याच लागूंनी हिंदीत न्यायाधीश, डॉक्टर, शेठजी, नायिकेचे वडील अशा कितीतरी साचेबंद भूमिका केल्याच ना? केल्या. ‘घरोंदा’साठी मिळालेले फिल्मफेअर पारितोषिक आणि रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’मधील गोखले वगळले, तर त्या हिंदी यादीतले पुष्कळसे विसरण्याजोगे आहे. ‘पिंजरा’ही त्यांच्याकडे चालून आलेला होता. म्हणून सगळेच त्यांनी योजून केले, असा दावा मी करणार नाही.

पण जिथे निवड त्यांच्या हाती होती तिथे काय दिसते? १९७० हेच वर्ष घ्या. ‘नटसम्राट’च्या आधी, त्याच वर्षी, त्यांनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले. दोन्ही नाटकांत म्हातारा बाप आणि उलटलेली मुले आहेत. एकात प्रेक्षक बापासाठी रडतात. दुसऱ्यात बापही तितकाच हिंस्र, लोभी आहे आणि रडायला कुणी उरतच नाही. परिनिरीक्षण मंडळाने ‘गिधाडे’त अनेक ठिकाणी काट सुचवली. गर्भपातानंतर साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या लाल डागालाही हरकत घेतली. तेव्हा डाग निळा केला गेला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले जाई, की हा निळा डाग कृपया लाल समजावा. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा केला, १९१० मध्ये ‘कीचकवध’वर बंदी आली, हे आपण अभ्यासक्रमात शिकतो. त्या साखळीत हा निळा डागही शिकवला जायला हवा.

लागूंनी आत्मचरित्राला नाव दिले ‘लमाण’. नट हा केवळ माल वाहणारा, लेखकाचे धन एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणारा, असा त्यामागचा नम्र भाव आहे. मला तो पुरता पटत नाही. दख्खनच्या इतिहासातील लमाण तांडे मुघलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरवत. तांडा कोणत्या छावणीकडे वळतो यावर मोहिमा तरत किंवा अडत. वाहणाऱ्याच्या हाती काहीच नसते असे म्हणणे त्या तांड्यांवरही अन्याय आहे.

हीच दिशा रंगमंचाबाहेरही दिसते. देवाला आता निवृत्त करावे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांसोबत त्यावर गावोगावी वाद-संवाद केला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून, मोठमोठ्या कलावंतांना घेऊन अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे दौरे काढले. बेलवलकरांच्या तोंडी विधात्याला घातलेली साद ऐकून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांपैकी कितीजणांना हे पचले असेल, कुणास ठाऊक.

१९९९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस झाले. दिग्दर्शक अतुल पेठे. पुन्हा एक शिक्षक, पुन्हा त्याच्यावर खटला. या वेळी मात्र मास्तर गप्प बसत नाही.

१७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, पुण्यात डॉक्टर गेले. ‘पिंजरा’ आणि ‘सामना’ आपल्याला आजही पाहता येतात. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ची संहिता वाचता येते, पण १९७४ चा तो प्रयोग, त्यातली शांतता, प्रश्न आणि उत्तर यांमधले थांबे हे फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहेत. तेव्हा विशीत असलेला प्रेक्षक आज सत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या घरात आजी, आजोबा, एखादी मावशी, शेजारचे निवृत्त सर, कुणी तो प्रयोग पाहिला असेल, तर त्यांना या आठवड्यात विचारा. कोणत्या गावी, कोणत्या नाट्यगृहात, सभागृह किती भरले होते, मध्येच कोण उठून गेले, बाहेर पडताना लोक काय बोलत होते. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि इथे खाली टाका. मी ते एकत्र करतो आहे.